डोंगरमाथ्यावरचे प्रार्थनामंदिर : वाटसरूंचा विसावा

रविवारी सकाळी लोणावळ्याकडे जाणारी लोकल तळेगाव दाभाडे स्थानकात शिरते, तेव्हा पाठीवर पिशव्या घेतलेल्या तरुणांनी ती आधीच भरलेली असते. कोणी कामशेतला उतरून तिकोना-तुंगच्या वाटेला लागतो, कोणी मळवलीला उतरून लोहगड-विसापूरची चढण धरतो. पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकण येथील कारखान्यांत आठवडाभर पाळ्यांमध्ये राबलेली ही मुले एक दिवस डोंगराच्या सहवासात घालवू इच्छितात. त्यांत आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतीही असतात. आणि नेमक्या त्याच वेळी चर्चमध्ये पवित्र मिस्सासाठी पहिली घंटा होत असते.

या युवकांपैकी अनेकांनी आम्हांला एक प्रश्न वेळोवेळी विचारला आहे. गोव्यात टेकड्यांवर चॅपेल आहेत, युरोपातील पर्वतांत तर ती जागोजागी आहेत, मग आपल्या मावळच्या डोंगरांवर एखादे चॅपेल का नसावे? थकून वर पोहोचल्यावर तेथे बसता येईल, पाणी पिता येईल, दोन क्षण प्रार्थनाही करता येईल. प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर तितके साधे नाही. डोंगरमाथ्यावरचे प्रार्थनामंदिर म्हणजे नेमके काय, ख्रिस्तसभेच्या परंपरेत त्याचे स्थान कोणते आणि आपल्या परिसरात त्याचा अर्थ कसा लावावा, याची माहिती वाचकांना एकत्रित मिळावी, म्हणून हा लेख आम्ही सादर करीत आहोत.

‘चॅपेल’ या शब्दाची कुळकथा

‘चॅपेल’ या शब्दाचा उगम एका अंगरख्यात आहे. चौथ्या शतकात संत मार्टिन हे रोमन सैन्यात सेवेत होते. कडाक्याच्या थंडीत आमिएँ शहराच्या वेशीवर त्यांना जवळजवळ उघडा असलेला एक भिकारी दिसला. त्यांनी तलवारीने आपल्या अंगावरील झग्याचे दोन भाग केले व एक भाग त्या गरिबाला दिला. पुढे ते तूर येथील महागुरू झाले आणि इसवी सन ३९७ मध्ये त्यांचे निधन झाले. दरवर्षी ११ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा त्यांचा सण साजरा करते.

संत मार्टिन यांचा झगा म्हणून जपलेले वस्त्र पुढे फ्रँक राजांनी आदराने सांभाळले. लॅटिन भाषेत लहान झग्याला ‘कापेल्ला’ म्हणतात. ते वस्त्र जेथे ठेवले जाई, त्या प्रार्थनास्थळालाही तेच नाव पडले. त्याची राखण करणारे धर्मगुरू ‘कापेल्लानी’ झाले. आज आपण ज्यांना ‘चॅप्लेन’ म्हणतो, तो शब्द यातूनच आला. म्हणजे ‘चॅपेल’ म्हणताना आपण नकळत वाटेवर थंडीने कुडकुडणाऱ्या एका अनोळखी माणसाची आठवण करीत असतो. दगड, चुना आणि घंटा या गोष्टी नंतर आल्या. आधी आली ती अर्ध्या झग्याची ऊब.

विधिसंहिता काय सांगते

१९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेत, म्हणजेच कॅनन लॉमध्ये, पवित्र स्थळांचे स्वतंत्र नियम आहेत. तेथे चर्च आणि प्रार्थनालय यांत भेद केला आहे. चर्च म्हणजे ईश्वरी उपासनेसाठी राखलेली अशी पवित्र वास्तू, की जेथे उपासनेसाठी, विशेषतः सार्वजनिक उपासनेसाठी, प्रवेश करण्याचा श्रद्धावंतांना हक्क असतो (कॅनन १२१४). प्रार्थनालय हे एखाद्या समुदायाच्या किंवा गटाच्या सोयीसाठी, अधिकाऱ्यांच्या परवानगीने उपासनेसाठी नेमलेले स्थळ होय; संबंधित वरिष्ठांच्या संमतीने इतर श्रद्धावंतही तेथे येऊ शकतात (कॅनन १२२३). एका किंवा अनेक व्यक्तींच्या सोयीसाठी असलेल्या स्थळाला खाजगी चॅपेल म्हटले आहे (कॅनन १२२६). आपण बोलीत या सर्वांनाच सरसकट ‘चॅपेल’ म्हणतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी काही नियम ध्यानात घेण्यासारखे आहेत. पवित्र स्थळी उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक असेल तेवढेच चालू द्यावे. मात्र स्थळाच्या पावित्र्याला बाध येत नसेल, तर अन्य उपयोगाला धर्मप्रांताचे अधिकारी प्रसंगपरत्वे परवानगी देऊ शकतात (कॅनन १२१०). जेथे पवित्र साक्रमेंत ठेवलेले असते, तेथे त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती हवी आणि शक्यतो महिन्यातून किमान दोनदा मिस्सा व्हावी (कॅनन ९३४). जेथे साक्रमेंत आहे, असे चर्च, गंभीर कारण नसेल तर, दररोज निदान काही तास तरी श्रद्धावंतांसाठी उघडे असावे (कॅनन ९३७).

या नियमांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कोठेही चार भिंती उभारल्या आणि वर क्रूस लावला, म्हणजे चॅपेल होत नाही. त्यामागे परवानगी लागते, सांभाळणारा समुदाय लागतो आणि दार उघडणारा माणूस लागतो.

आल्प्सच्या खिंडीतील आश्रयस्थान

पर्वतावरील ख्रिस्ती विसाव्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर आहे. ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड समुद्रसपाटीपासून २,४६९ मीटर उंचीवर आहे. रोमला जाणारे यात्रेकरू आणि व्यापारी शतकानुशतके ती ओलांडत. हिमवादळे आणि लुटारू या दोहोंचे तेथे भय असे. अकराव्या शतकात आओस्ताचे आर्चडीकन संत बर्नार्ड यांनी तेथे वाटसरूंसाठी आश्रयस्थान स्थापन केले. संत अगस्तीनच्या नियमानुसार राहणारे धर्मगुरू तेव्हापासून तेथे सेवा देत आले आहेत. बर्फात हरवलेल्यांच्या शोधासाठी त्यांनी पाळलेली ‘सेंट बर्नार्ड’ जातीची कुत्री जगभर ठाऊक झाली. आश्रयस्थानातच प्रार्थनामंदिर आहे. भोजनगृह, निजण्याच्या खोल्या आणि वेदी एकाच छपराखाली आहेत.

१९२३ साली पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना आल्प्समधील रहिवाशांचे, प्रवाशांचे व गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे पोप महोदय स्वतः तरुणपणी कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली, ते आकिल्ले रात्ती या नावाचे तरुण धर्मगुरू असताना, त्यांनी मॉन्ते रोसा पर्वताची पूर्वेकडील अवघड बाजू चढून पार केली होती.

आजच्या युवकांना अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण संत पियेर जॉर्जियो फ्रासाती यांचे आहे. १९०१ साली तुरिन येथे जन्मलेला हा युवक मित्रमैत्रिणींसह पर्वत चढे आणि शहरातील गरिबांच्या घरी औषध, अन्न, पैसा पोहोचवी. रविवारच्या मिस्सेची सोय झाल्याखेरीज तो मोहिमेवर निघत नसे. १९२५ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, पोलिओने त्याचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संतपद बहाल केले. डोंगर की देऊळ, असा प्रश्न त्याच्या जीवनात कधी उद्भवलाच नाही. दोन्हींकडे जाणारी त्याची वाट एकच होती.

गोव्याच्या टेकड्या

आपल्या शेजारच्या गोव्यात टेकडीवरची प्रार्थनामंदिरे विपुल आहेत. त्यांपैकी दोन येथे सांगतो. जुन्या गोव्याच्या पूर्वेला एका टेकडीवर ‘आवर लेडी ऑफ द माउंट’, म्हणजे डोंगरावरील पवित्र मातेचे चॅपेल आहे. स्थानिक लोक त्याला ‘मोंत’ म्हणतात. १५१० सालच्या लढाईत आदिलशाही तोफा याच टेकडीवर होत्या, असे तेथील कोरीव लेख नोंदवतो. जेथे तोफा होत्या, तेथे आज माणसे शांततेसाठी येतात. चॅपेलच्या प्रांगणातून मांडवी नदी, दिवाडी बेट आणि जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे एका दृष्टिक्षेपात दिसतात.

दुसरे स्थळ दक्षिणेकडील कुएली गावच्या टेकडीवर आहे. तेथील पवित्र मातेच्या चॅपेलमध्ये ६ जानेवारी रोजी तीन राजांचा सण होतो. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतील तीन मुले राजांचा वेष करून, घोड्यांवर बसून, वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात. येशूबाळाच्या दर्शनाला दुरून आलेले ते ज्ञानी पुरुषही वाटसरूच होते, हे त्या दिवशी तीन गावांना नव्याने आठवते.

कोर्लई : छप्पर नसलेले प्रार्थनामंदिर

महाराष्ट्रात आमच्या विषयाशी सर्वाधिक जुळणारे स्थळ रायगड जिल्ह्यात आहे. अलिबागच्या दक्षिणेस, रेवदंड्याच्या समोर, कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे एक चिंचोळा डोंगर पाण्यात शिरला आहे. त्यावर कोर्लईचा किल्ला आहे. पोर्तुगीज १५२१ साली चौल-रेवदंड्याला स्थिरावले. समोरचा हा डोंगर त्यांनी १५९४ साली अहमदनगरच्या निजामशाहीकडून लढाईत जिंकून घेतला. १७४० साली तो मराठ्यांकडे आला.

किल्ल्यावर पोर्तुगिजांच्या काळातील एक प्रार्थनामंदिर आहे. त्याचे छप्पर केव्हाच नाहीसे झाले आहे. भिंती मात्र उभ्या आहेत. जवळच पावसाचे पाणी साठवण्याचे टाके आहे आणि किल्ल्यातच एक शिवमंदिरही आहे. पायथ्याच्या दीपगृहाकडून पायऱ्यांची वाट वर येते. सवयीच्या माणसाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. पण कोकणच्या दमट हवेत तेवढ्यानेही घाम निथळतो. मग वर आलेला जो तो भिंतीची सावली शोधतो. पिशव्या भिंतीला टेकतात, पाण्याच्या बाटल्या उघडतात, डबे निघतात, आणि थोड्याच वेळात बोलणे आपोआप खाली येते. समोर समुद्र असतो आणि डोक्यावर छपराऐवजी आकाश.

किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या कोर्लई गावात श्रद्धावंतांचा समुदाय आजही आहे. तेथील लोक आपसांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून घडलेली एक स्वतंत्र बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. गावातील माउंट कार्मेल मातेचे चर्च मुंबई महाधर्मप्रांतात येते. वरचे मंदिर पडके झाले, परंतु खालची उपासना थांबली नाही. लढाईसाठी बांधलेल्या किल्ल्यातील बुरूज आणि तोफा आता कोणाच्याही कामाच्या उरल्या नाहीत. प्रार्थनामंदिराच्या भिंती मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सावली देतात. त्याने कोणाला नमस्कार करावा, हे त्या विचारीत नाहीत.

मावळचा जुना विसावा

आता आपण आपल्या मावळात परतू. मावळातील गडांच्या माथ्यावर ख्रिस्ती चॅपेल नाही. परंतु म्हणून येथील डोंगर विसाव्याला पारखे आहेत, असे मुळीच नाही. उलट डोंगरात वाटसरूसाठी जागा राखण्याची परंपरा येथे दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

मळवलीजवळची भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील आहेत. कार्ले आणि बेडसे येथील लेणीही घाटातून जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गाच्या आसऱ्याने कोरली गेली. बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे महिने फिरती थांबवून एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणतात. त्यांच्या निजण्यासाठी खडकात कोरलेले ओटे आजही पाहावयास मिळतात. लेण्यांजवळ पाण्याची टाकी असत. प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि ती कोरवून देणे हे पुण्यकर्म समजले जाई. तळेगावच्या अलीकडे, घोरावाडी स्थानकावरून दिसणाऱ्या घोरावडेश्वराच्या डोंगरावरील लेण्यांत पुढे महादेवाची स्थापना झाली. इंद्रायणीकाठच्या इंदोरीजवळ भंडारा डोंगर आहे. तेथे संत तुकाराम महाराज एकांतात चिंतनाला बसत.

गडांवरही हेच दिसते. तिकोन्याच्या माथ्यावर महादेवाचे मंदिर आहे, तर तुंगच्या माथ्यावर तुंगाई देवीचे लहानसे मंदिर. पावसात सापडलेल्या कितीतरी गिर्यारोहकांना या मंदिरांनी आडोसा दिला आहे. सेमिनरीत शिकत असताना आम्ही चौघे सोबती असेच तुंगावर पावसात सापडलो होतो. देवीच्या दारात दाटीवाटीने बसून आम्ही रोझरीची माळ म्हटली. खालच्या वाडीतील एक वृद्ध गृहस्थ तेथे आधीच बसले होते. आम्ही कोण, कोठले, हे त्यांनी विचारले नाही. आमची प्रार्थना संपेपर्यंत ते शांत बसून राहिले आणि मग आपल्या फडक्यातली भाकरी त्यांनी आमच्यापुढे धरली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मीयांविषयी आदर शिकविणारे ‘नॉस्त्रा एताते’ हे घोषणापत्र प्रसिद्ध केले, हे आम्ही वर्गात अभ्यासले होते. त्याचा अर्थ आम्हांला त्या दारात कळला.

नवे चॅपेल बांधावे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मावळच्या एखाद्या डोंगरावर आपण चॅपेल बांधावे काय, किंवा निदान एखादा क्रूस उभारावा काय? आमचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, आणि त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण कायद्याचे. लोहगड, विसापूर, तसेच कार्ले-भाजे-बेडसे ही लेणी केंद्र शासनाने संरक्षित केलेली स्मारके आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यानुसार तेथे व त्यांच्या सभोवती बांधकामाला कडक बंधने आहेत. लोहगडाचा तर जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला आहे. बरेचसे डोंगर वनखात्याच्या ताब्यात आहेत. उत्साहाच्या भरात रातोरात उभारलेला क्रूस हे अतिक्रमणच ठरते, आणि अतिक्रमणाच्या पायावर प्रार्थना उभी राहू शकत नाही.

दुसरे कारण शेजारधर्माचे. हे गड महाराष्ट्राच्या स्वातंत्र्याची स्मृती जपतात. मराठी श्रद्धावंत म्हणून ती स्मृती आपलीही आहे. तेथे स्वतःची वेगळी खूण रोवण्याची आपल्याला गरज नाही.

तिसरे कारण पवित्र शास्त्रातले, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. प्रभू येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना उंच डोंगरावर नेले आणि त्यांच्यासमोर त्याचे रूपांतर झाले. पेत्राला तेथेच राहावेसे वाटले. त्याने तीन मंडप उभारण्याची तयारी दाखविली. मंडप मात्र उभारला गेला नाही. प्रभू त्यांना घेऊन खाली उतरला आणि पायथ्याशी एक पिता आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहत होता. योहानाच्या शुभवर्तमानात तर प्रवासाने थकलेला प्रभू स्वतः भर दुपारी शोमरोनातील विहिरीवर बसतो आणि एका परकीय स्त्रीजवळ पाणी मागतो. पुढे ती विचारते, की उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमेत. खऱ्या उपासनेला कोणत्याही डोंगराचे बंधन नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. विसाव्याची ती जागा डोंगराच्या माथ्यावर नव्हती. ती वाटेवर होती, पाण्याजवळ होती.

कुलूप की उघडे दार?

मग मावळातील ख्रिस्ती विसावा कोठे शोधायचा? आमच्या मते तो आपल्याजवळ आधीपासूनच आहे. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत लोहमार्गाच्या व महामार्गाच्या कडेने आपली चर्च, मठ आणि शाळांतील प्रार्थनालये आहेत. डोंगराकडे जाणारा व डोंगरावरून येणारा प्रत्येक जण त्यांच्यावरूनच जातो. प्रश्न इतकाच आहे, की तो जातो तेव्हा दार उघडे असते काय?

येथे आम्हांला स्वतःची एक चूक कबूल करावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात आम्ही सेवेला असताना चर्चमधील दानपेटी फोडली गेली. त्यानंतर मिस्सा संपताच दाराला व फाटकाला कुलूप लावण्याचा नियम आम्ही केला. पावसाळ्यातील एका रविवारी दुपारी बाहेर आलो, तर पाच-सहा मुलेमुली चिखलाने माखलेली, ओलीचिंब, बंद फाटकाबाहेरच्या पायरीवर बसलेली होती. आम्हांला पाहताच ती घाईघाईने उठली आणि तेथे बसल्याबद्दल माफी मागू लागली. त्यांपैकी दोघींच्या गळ्यात क्रूस होता. पायरीवर बसल्याबद्दल कोणी आमची माफी मागावी, याची आम्हांला लाज वाटली. तुंगाईच्या दारात आमच्यापुढे धरलेली भाकरी त्या क्षणी आठवली. ज्या पाहुण्याला असे आतिथ्य लाभले होते, तो यजमान म्हणून उणा पडला होता.

चोरीचे भय खोटे नाही. पवित्र साक्रमेंताची विटंबना होण्याचा धोका तर कोणत्याही धर्मगुरूची झोप उडवणारा आहे. म्हणून चर्चचे दार दिवसरात्र सताड उघडे ठेवा, असे आम्ही म्हणणार नाही. पण कुलूप आणि सताड उघडे दार यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे, आणि त्या जागेला व्हरांडा म्हणतात.

धर्मग्रामांसाठी काही सूचना

पुढील गोष्टींना फारसा खर्च येत नाही. धर्मग्राम परिषदेने धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा विचार करावा.

१. चर्चचा मुख्य दरवाजा बंद असला, तरी व्हरांडा व एखादा बाक वाटसरूंसाठी मोकळा ठेवावा. पावसाळ्यात आडोशाचे मोल फार असते.

२. पिण्याच्या पाण्याचा एक माठ किंवा नळ फाटकाजवळ असावा. त्यासाठी एका कुटुंबाने एक आठवडा, अशी पाळी लावता येईल. आपल्या मातीतली पाणपोईची परंपरा हीच आहे.

३. मिस्सेच्या वेळा मराठीत, दुरून वाचता येतील अशा लिहाव्यात. शनिवारी सायंकाळची मिस्सा असल्यास ती ठळकपणे नमूद करावी.

४. दररोज ठरावीक वेळ चर्च उघडे ठेवून तेथे एखाद्या ज्येष्ठ सभासदाने बसावे. औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे ध्यानात ठेवावे. केवळ रविवारचा विचार केल्यास पाळीवर काम करणारा कामगार वगळला जातो.

५. प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या रुग्णालयाचा व पोलीस ठाण्याचा क्रमांक हाताशी असावा. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. सुट्टीच्या दिवशी आनंदासाठी निघालेल्यांवर संकट किती अचानक कोसळते, हे आपण जवळून पाहिले आहे. पुरातील पूल, निसरडे कडे आणि धबधबे यांविषयी मिस्सेनंतरच्या सूचनांत दोन शब्द सांगणे, हीदेखील सेवाच आहे.

६. येणाऱ्याला त्याचा धर्म विचारू नये. त्याने आपणहून विचारले, तर आपल्या श्रद्धेविषयी प्रेमाने सांगावे.

डोंगरयात्रींसाठी काही सूचना

यजमानाचे कर्तव्य आहे, तसे पाहुण्याचेही आहे. चर्च असो, चॅपेल असो, लेणे असो वा देवीचे मंदिर, तेथे पादत्राणे, पोशाख व आवाज यांविषयी तेथली रीत पाळावी. मोठ्याने गाणी लावू नयेत. मद्यपान व धूम्रपान करू नये. भिंतींवर नावे कोरू नयेत. कोर्लईच्या भिंती चार शतकांचे ऊनपाऊस सोसून उभ्या आहेत, त्यांना आपल्या नावाची गरज नाही. आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणावा. टाक्यातील पाणी दुसऱ्यालाही प्यायचे आहे, हे विसरू नये.

रविवारच्या मिस्सेविषयीही स्पष्ट असावे. गिरिभ्रमंती हे मिस्सा चुकविण्याचे गंभीर कारण नव्हे. परंतु ख्रिस्तसभेने मार्ग ठेवला आहे. आदल्या सायंकाळच्या मिस्सेत किंवा रविवारी कोणत्याही कॅथोलिक चर्चमध्ये सहभागी झाल्याने कर्तव्य पूर्ण होते (कॅनन १२४८). त्याचबरोबर, प्रभूच्या दिवशी मनाला व शरीराला योग्य विसावा मिळावा, असेही विधिसंहितेला अभिप्रेत आहे (कॅनन १२४७). ३१ मे १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘दिएस दोमिनी’ या पत्रात रविवारच्या विसाव्याचे महत्त्व विस्ताराने मांडले. तेही पोलंडच्या डोंगरांत युवकांसह भटकलेले धर्मगुरू होते. तेव्हा मुलांनो, डोंगरावर अवश्य जा. शनिवारी संध्याकाळी मिस्सा करा आणि रविवारी पहाटेची गाडी पकडा. माथ्यावर पोहोचल्यावर पाच मिनिटे मौन पाळा. एलिया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर ईश्वर वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत भेटला नाही. तो भेटला मंद, शांत स्वरात. भ्रमणध्वनीवर गाणे चालू असेल, तर तो स्वर ऐकू येणे कठीण आहे.

समारोप

संत मार्टिन यांनी वेशीवरच्या भिकाऱ्यासाठी चॅपेल बांधले नाही. त्यांनी अंगावरचे वस्त्र दिले, आणि चॅपेल हा शब्द त्यातून जन्मला. डोंगरावर चॅपेल हवे, असे म्हणणाऱ्या आमच्या युवकांची ओढ खरी आहे. थकलेल्या माणसाला देवाच्या दारात बसता यावे, ही ती ओढ आहे. ती पुरी करण्यासाठी सह्याद्रीच्या कड्यावर एकही दगड रचावा लागणार नाही. आपल्या चर्चच्या फाटकाची कडी काढावी लागेल, माठ भरावा लागेल आणि भिजून आलेल्याला बसावयास सांगावे लागेल.

आमच्या त्या धर्मग्रामातील फाटक पुढच्या रविवारपासून दुपारी उघडे राहू लागले. दानपेटी आम्ही आतल्या खोलीत हलविली आणि तिच्या जागी पाण्याचा माठ ठेवला. श्रमलेल्या व भारावलेल्या सर्वांना विसावा देण्याचे वचन ज्या प्रभूने दिले, त्याच्या घराची पायरी कोणालाही परकी वाटू नये, हीच आमची प्रार्थना.